शकीला आपांचा नॉर्मल रिपोर्ट

शकीला आपा आठवल्या की मला आधी राग येतो. माया, कृतज्ञता वगैरे जे काही असेल ते मागाहून येतं. ज्या बाईने अकोल्यातल्या आमच्या अख्ख्या वस्तीतल्या बायकांना 'साखर तपासा' म्हणून भंडावून सोडलं, तिनेच स्वतःचे डोळे साखरेपायी घालवावेत, आणि त्यात माझ्यासारख्या लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईचा हात असावा, याचा राग नाही यायचा तर कशाचा यायचा?

आपा लेडीज टेलर होत्या. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक पायमशीन, कापड कापायचं लांब टेबल, एक आरसा आणि माप घ्यायला कोपऱ्यात लावलेला पडदा. त्या मूळच्या अकोटच्या. नवरा लवकर गेला, शिलाईवर त्यांनी मुलीला, रुबिनाला, शिकवलं आणि तिचं लग्न अमरावतीला करून दिलं, इतकंच मला माहीत आहे. त्यापलीकडचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्याकडे बोलायला विषय एकच असे, तो म्हणजे पडद्यामागे उभ्या असलेल्या बाईचं शरीर. त्याबद्दल त्या इतकं सरळ बोलत की नवीन गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायला दोन महिने लावत असे. पण येत असे, कारण आपांसारखी बाही बसवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

गळ्यात टेप आणि ओठांत दोन-तीन टाचण्या असा त्यांचा कायमचा अवतार. टाचण्या ओठांत असताना त्या हूं-हूं करून भागवत. टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या की समजायचं, आता आपल्याला काहीतरी ऐकून घ्यावं लागणार आहे.

दुसरी खोड म्हणजे मापाची वही. बाकीचे टेलर नवीन माप घेतलं की जुनं खोडतात. आपा खोडत नसत. प्रत्येक बाईला एक पान, आणि नवीन माप जुन्या मापाच्या खाली, वर्षासकट. कुणी म्हटलं, "आपा, मागचंच माप धरा ना, घाई आहे," तर त्या कापड उचलून तिच्या हातात परत देत. "जुन्या मापावर मी कैची चालवत नाई. बाई रोज बदलते." याबाबतीत त्यांनी नवरीच्या आईचंही कधी ऐकलं नाही.

मला त्यांची खरी ओळख झाली ती गावंडे वहिनींच्या भांडणात. मी तेव्हा अकोल्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. संध्याकाळी माझे ब्लाउज न्यायला गेले, तर गावंडे वहिनी हातात जांभळा ब्लाउज नाचवत उभ्या.

"आपा, तुमी तंग शिवला हा. हूकच लागून नाई राहिले."

"मागच्या दिवाळीचा हाये हा. तवा लागले होते का नाई?"

"तवा लागले होते. धुतल्यावर आटला."

आपांनी टाचण्या काढून ठेवल्या. "आटला असता त बाही बी आटली असती ना वहिनी. अंगात घाला बरं." वहिनींनी घातला. हूक खरंच लागत नव्हते. आपांनी बाहीत दोन बोटं घातली आणि आरपार फिरवून दाखवली. "पोटाशी आटला अन् दंडाशी ढिला झाला, असं कोणतं कापड असते? मले बी सांगा, मी तेच घेऊन येतो."

"वजन त मायं तेवढंच हाये," वहिनी म्हणाल्या. "परवाच काट्यावर उभी राहिली होती."

"काट्याले काय कयते? दंडातलं मांस गेलं, पोटावर चरबी आली. काट्याले दोन्ही सारखेच. सुट्टी लागून किती वर्षं झाले?"

सुट्टी म्हणजे पाळी जाणं. आपांचा तो शब्द होता, आणि त्या तो दुकानात चार जणींसमोर खुशाल उच्चारत. वहिनींनी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तीन."

"मंग साखर तपासून घ्या. या मॅडम उभ्या हायेत, यायच्याकडेच जा."

वहिनी ब्लाउज तसाच पिशवीत कोंबून निघून गेल्या. मलाही आपांचा राग आला. कुणाला चारचौघींत असं बोलतात का? पण महिन्याभराने वहिनी गुपचूप माझ्याकडे आल्या. मी उपाशीपोटीचं रक्त घेतलं, जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा घेतलं. दुसरी साखर बरीच वाढलेली निघाली. रिपोर्ट हातात घेऊन वहिनी एवढंच म्हणाल्या, "शकीलाले सांगू नका." मी सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी त्यांनी आपांकडे फिका चहा मागितला आणि आपांना समजायचं ते समजलं.

मी आपांना विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? त्यांनी वही उघडून माझ्यासमोर सरकवली. पानामागून पान. वीस-बावीस वर्षं छाती, कंबर, दंड एकमेकांना धरून चालतात, एखादं बाळंतपण मधे येतं, पुन्हा जागेवर येतात. मग पन्नाशीच्या आसपास कंबर एकीकडे चालू लागते आणि दंड दुसरीकडे. "ज्या बायायचं असं होते," आपा म्हणाल्या, "त्यायच्यातल्या लय जणी दोन-चार सालानं फिक्का चहा मांगतात. काहून मांगतात थे मले नाई मालूम. थे तुमी सांगा."

मी सांगितलं. मला सांगता येत होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक आटतं. मग चरबी मांड्या-नितंबांवर राहायची ती पोटात, आतड्यांभोवती जाऊन बसते, आणि स्नायू झिजत जातात. खाल्लेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. इन्शुलिन दारावर थाप मारतं, स्नायू दार उघडायला कुरकुर करतात, मग शरीर आणखी इन्शुलिन सोडतं. अशी कित्येक वर्षं जातात, आणि तोवर सकाळची साखर अगदी सुरेख दिसते. बाई हिंडते-फिरते, काट्यावर वजन तेवढंच दाखवते. मी हे सगळं आपांना समजावून सांगितलं. आपांनी दोनदा मान डोलावली आणि म्हणाल्या, "म्हंजे मायी टेप बरोबर हाये." हे मी इतक्या तपशिलाने का लिहिते आहे, तर मला माहीत नव्हतं असं पुढे मला म्हणता येऊ नये म्हणून.

दवाखान्यात मी एकदा उत्साहाने आमच्या डॉक्टरांना वहीची गोष्ट सांगितली. ते हसले. "आता टेलरकडून निदान करून घ्यायचं का?" बाहेर बाया रांगेत होत्या. प्रत्येकीला काट्यावर उभं करायचे, वजन लिहायचे, 'ठीक आहे, तेल कमी खा' म्हणून पाठवून द्यायचे. टेप त्या खोलीत नव्हतीच. दंड तर कुणी पाहतही नसे. मी माझ्या पैशाने एक टेप आणून खिळ्याला लावली, ती आठ दिवसांत कुणीतरी पडदा मापायला नेली.

आपांचं आवडतं पान काशीबाईचं होतं. काशीबाई भाजीवाली, माळ्याची बाई, मेथी-पालकाची जड पाटी डोक्यावर घेऊन गल्ल्यांतून फिरणारी. तिला सुट्टी लागून सहा वर्षं झाली तरी पानावरचे आकडे जागचे हलले नव्हते. "पाहा मॅडम, दंड पाहा काशीचे. कैची लावाची गरज नाई, जुना ब्लाउज जसाच्या तसा." मग काशीबाईच्या मुलाने चौकात गाळा घेतला. आईने खूप केलं, आता तिने गादीवर बसून नुसतं भाजीचं वजन करावं, अशी त्याची इच्छा. दोन वर्षांत काशीबाईच्या बाह्या ढिल्या झाल्या. आपा तिच्यावर चिडल्या, मुलावर चिडल्या, त्या गाळ्यावरही चिडल्या. "पोरानं मायले आराम देला अन् मायचे दंड नेले. काशी, सकाय-संध्याकाय दोन पाट्या उचलत जाय वं. विकू नको, नुसत्या उचल." काशीबाई हसून म्हणाली, "लोक काय म्हणतीन आपा, येडी झाली का?" आणि तिने काही पाट्या उचलल्या नाहीत. अशी माणसं. सांगणारीला वेडी ठरवायची आणि गादीवर बसून राहायचं.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी मी लॅब उघडत होते, तर आपा दारात उभ्या. बुरखा, हातात पिशवी, ओठांत टाचण्या नाहीत. "मॅडम, मायी साखर पाहा. खाली पोटानं आली."

"काय झालं?"

"मायं माप बदललं." त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप घेतलं होतं. कंबर अडीच इंच वाढली होती, दंड पाऊण इंच गेला होता. सुट्टी लागून चार वर्षं झाली होती. त्या दिवसभर मशीनवर बसून असत, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर गोड चहा घेत. मी हे सगळं जाणत होते.

मी रक्त घेतलं. वजन पाहिलं, ते काही वर्षांपूर्वी होतं तेवढंच. साखर नॉर्मल आली. बाहेर माणसं खोळंबली होती, मशीनचा एक द्रव संपत आला होता, आणि मी घाईत होते. मी चिठ्ठीवर 'नॉर्मल' लिहून सही केली. "आपा, ठणठणीत आहात. घरी जा, चहा घ्या."

आपा हलल्या नाहीत. "गावंडे वहिनीचं दुसऱ्या खेपी बी रगत घेतलं होतं ना तुमी? जेवल्यावर?"

"तुमची पहिलीच इतकी चांगली आली, दुसरी कशाला?" मी म्हटलं. "वय झालं की थोडं पोट सुटतंच सगळ्यांचं."

हे वाक्य मी म्हटलं. इन्शुलिनच्या थापा आणि कुरकुरणारी दारं समजावून सांगणाऱ्या बाईने म्हटलं. आपांचा चेहरा मोकळा झाला. ज्या माणसाला भीती वाटत असते त्याला 'काही नाही' हे ऐकायची किती घाई असते, हे मी रोज पाहत होते, तरी त्या दिवशी मला दिसलं नाही.

ती चिठ्ठी आपांनी प्लास्टिकमध्ये घालून दुकानात आरशाशेजारी खिळ्याला लावली. आधी मला गंमत वाटली. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "आमाले सांगता, तुमी तपासली का आपा?" की त्या शिवता शिवता हनुवटीने भिंतीकडे दाखवत. "नॉर्मल. मॅडमच्या सहीचा रिपोर्ट हाये." आमच्याकडे हे असं आहे. एकदा नॉर्मल आलं की ते जन्माचं प्रमाणपत्र. कुणी पाकिटात ठेवतं, कुणी देव्हाऱ्याच्या खणात. मीही कधी म्हटलं नाही की आपा, याला वर्ष झालं, पुन्हा करू. मग माझी अमरावतीला बदली झाली. चिठ्ठी भिंतीवर राहिली.

अमरावतीत मला अकोल्याच्या बातम्या यायच्या. आपांनी चष्मा बदलला. मग पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा बदलला तेव्हा चष्मेवाल्याशी भांडल्या, म्हणे नंबर चुकीचा काढून देतो. गावंडे वहिनी फोनवर म्हणाल्या, "आपानं माया ब्लाउजले दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या." आणि खूप हसल्या. मला हसू आलं नाही. आपांच्या हातून बाही चुकणं म्हणजे काय, हे मला समजत होतं. तरी मला अकोल्याला जायला आणखी दोन महिने लागले. का लागले, याला काही कारण नाही. घर, नोकरी, नेहमीचं.

गेले तेव्हा दुपारची जेवणं आटोपली होती. आपा मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होत्या. ओवत म्हणजे, दोरा सुईच्या शेजारून हवेत नेत होत्या, ओला करत होत्या, पुन्हा नेत होत्या. मी उभी राहून पाहत होते हे त्यांना दिसलं नाही. "आपा," म्हटल्यावर दचकल्या, मग हसल्या. "मॅडम, या सुया बी आता बारीक छेदाच्या येऊन राहिल्या."

मी पर्समधून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. "बोट द्या."

"कायले? नॉर्मल हाये मायी." हनुवटी भिंतीकडे गेली.

मी त्यांचा हात ओढून बोट टोचलं. आकडा आला. तो मी मोठ्याने वाचला नाही. आधी माठातलं पाणी प्यायले, मग सांगितला. आपा म्हणाल्या, "लहानशी मशीन हाये तुमची, खराब असन. हा पाहा ना, मोठ्या मशीनवरचा." आणि पुन्हा त्या चिठ्ठीकडे हात.

माझं डोकं फिरलं. मी उठून ती चिठ्ठी खिळ्यावरून ओढली, खिळाही निघाला, थोडा चुना पडला. "नऊ वर्षं झाली याला, आपा. नऊ वर्षांच्या जुन्या मापावर तुम्ही कुणाचं कापड कापलं असतं का?"

मी ती चिठ्ठी प्लास्टिकसकट चुरगाळून कचऱ्यात टाकली, आणि मग मलाच रडू यायला लागलं. आपांनी सुई-दोरा टेबलावर ठेवला. अंदाजाने ठेवला, सुई खाली पडली. "मॅडम," त्या म्हणाल्या, "एवढं काहून चिडून राहिल्या? उद्या दवाखान्यात जातो ना." दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना घेऊन गेले. साखर तिथेही तेवढीच निघाली. औषधं सुरू झाली. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की डोळ्यांच्या पडद्याचं नुकसान बऱ्याच वर्षांचं आहे, आता आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करायचा.

मशीन बंद झाली. रुबिना येऊन आपांना अमरावतीला घेऊन गेली. तिचा नवरा नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात आहे, घर त्याच बाजूला. गठ्ठाभर मापाच्या वह्या रद्दीत गेल्या असं मला नंतर समजलं. मला विचारलं असतं तर मी ठेवल्या असत्या, पण मला कोण विचारणार?

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते अमरावतीला, डोळ्यांच्या एका दवाखान्यात. रुबिनाने फोन केला होता, अम्मीला इंजेक्शन द्यायचं आहे, तुमी याल का. मी गेले. आपा बाकावर बसल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातले होते, पाणी गालांवर येत होतं. शेजारी परतवाड्याकडची एक म्हातारी आणि तिची सून होती. मी "रुबिना" म्हणून हाक मारली, तर आपांनी लगेच आवाज ओळखला.

"मॅडम आल्या," त्या शेजारणीला म्हणाल्या. "या आमच्या लॅबवाल्या मॅडम. मायी साखर पयल्यांदा यायनंच तपासली होती." घरच्या शिकलेल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं त्या म्हणाल्या. म्हातारीने मला हात जोडले.

मला ते सहन झालं नाही. मी तिथेच, रुबिनासमोर, सगळ्यांसमोर म्हटलं, "आपा, चूक माझी होती. तुम्ही म्हणाला होतात जेवल्यावरचं रक्त घ्या. मीच नको म्हटलं."

रुबिनाने माझ्याकडे पाहिलं. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आपांनी ओढणीने डोळे टिपले. मला वाटलं, आता बोलतील. मला तेच हवं होतं. आयुष्यभर ज्या बाईने कुणाची भीड ठेवली नाही, तिने निदान एकदा मला धुऊन काढावं.

"तुमी मशीन पाहून सांगतलं," आपा म्हणाल्या. "मशीन काई खोटं नोती बोलत. टेप त मायाच हातात होती ना मॅडम. दुसऱ्या कोण्या बाईचं माप असतं, त मी तुमचं आयकून घेतलं असतं का?"

आतून नर्सने नाव पुकारलं. आपा उठल्या, ओढणी सारखी केली आणि निघाल्या. दार डावीकडे होतं, त्या भिंतीकडे चालल्या होत्या. रुबिनाने त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि आत नेलं.